विंडोज १० ची मुदत संपली. आमच्या संगणकांचे काय?

१४ ऑक्टोबर ही तारीख आमच्या समाजाला कोणी सांगावी लागत नाही. १९५६ साली याच दिवशी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बुद्ध धम्माचा स्वीकार केला. बरोबर ६९ वर्षांनी, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीने विंडोज १० या आपल्या ऑपरेटिंग सिस्टीमचा सपोर्ट बंद केला. तारीख जुळली हा निव्वळ योगायोग. परंतु या दुसऱ्या घटनेची चर्चा आमच्या विहारांत, वाचनालयांत, वसतिगृहांत आणि संघटनांच्या कार्यालयांत जेवढी व्हायला हवी होती तेवढी झाली नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कोणी म्हणेल, अत्याचार थांबत नाहीत, नोकऱ्यांचा अनुशेष भरला जात नाही, शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही आणि तुम्ही संगणकाच्या गोष्टी काय घेऊन बसलात? आम्ही त्यांना उलट विचारतो की, शिष्यवृत्तीचा अर्ज आज कशावर भरला जातो? महाडीबीटीच्या संकेतस्थळावर. जात पडताळणीचा अर्ज कशावर? संगणकावर. स्पर्धा परीक्षेचा अर्ज, प्रवेशपत्र, निकाल, महाविद्यालयाचा प्रवेश, सगळे संगणकावर. ज्याच्या घरी संगणक नाही त्या विद्यार्थ्याने हे सारे कोठे करायचे? विहाराला लागून असलेल्या अभ्यासिकेत, वसतिगृहाच्या एका खोलीत, नाहीतर नाक्यावरच्या झेरॉक्स-इंटरनेटच्या दुकानात. तेथला संगणक बहुधा कोणीतरी दान दिलेला किंवा एखाद्या कार्यालयाने मोडीत काढलेला असतो. त्याच संगणकात आमच्या मुलामुलींचे जातीचे दाखले, आधार क्रमांक, बँक खात्यांचे क्रमांक आणि सह्यांचे फोटो साठलेले असतात. तो संगणक सुरक्षित आहे की नाही, हा प्रश्न म्हणूनच चळवळीचा आहे.

सपोर्ट संपला म्हणजे नेमके काय झाले, हे आधी समजून घेतले पाहिजे. संगणक बंद पडत नाही. १५ ऑक्टोबरच्या सकाळीही तो नेहमीसारखाच सुरू झाला आणि म्हणूनच लोक गाफील राहिले. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाला चालवणारा मूळ प्रोग्राम. तो माणसांनीच लिहिलेला असतो, त्यामुळे त्यात चुका राहतात. त्या चुकांच्या भोकांतून चोर आत शिरतात. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अशी भोके बुजवणाऱ्या दुरुस्त्या पाठवते. सपोर्ट संपलेल्या संगणकाला त्या मिळायच्या थांबतात. त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. नव्या विंडोजसाठी दुरुस्ती बाहेर पडली की ती उलगडून पाहून मूळ भोक कोठे होते, हे चोरांना कळते. तेच भोक जुन्या विंडोजमध्ये असेल तर ते कायमचे उघडे राहते. म्हणजे दर महिन्याला शेजाऱ्याच्या घराची कडी दुरुस्त होते आणि आपल्या घराची कडी कुठे तुटली आहे, हे गावभर जाहीर होते.

ही भीती कल्पनेतली नाही. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या विषाणूने जगाला हादरा दिला. सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांतल्या फायली त्याने कुलूपबंद केल्या आणि त्या सोडवण्यासाठी खंडणी मागितली. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत हजारो रुग्णांच्या ठरलेल्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. सरकारी दवाखान्यावर कोण अवलंबून असते, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. पुढच्याच महिन्यात 'नॉटपेट्या' आला आणि त्याने थेट आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत केले. या प्रकरणात एक धडा विसरता कामा नये. वॉनाक्राय ज्या भोकातून शिरला त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्च २०१७ मध्येच दिली होती. विंडोज एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ रोजी संपलेला असल्याने एक्सपीला ती मिळाली नव्हती; हल्ला झाल्यावर कंपनीने अपवाद म्हणून दिली. परंतु बळी पडलेल्यांत बहुसंख्य संगणक विंडोज ७ चे होते. त्यांच्यासाठी दुरुस्ती तयार होती, ती लावण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. आणि हे केवळ सामान्य माणसाचे दुर्लक्ष नव्हे. एक्सपीची मुदत संपून चार वर्षे उलटल्यावर, जून २०१८ मध्ये, रिझर्व्ह बँकेला परिपत्रक काढून बँकांना बजवावे लागले की, सगळ्या एटीएमची जुनी प्रणाली जून २०१९ पर्यंत बदला. बड्या बँकांची ही अवस्था, तर आमच्या अभ्यासिकेतल्या संगणकाकडे कोण पाहणार?

आमच्याकडे आणखी एक रोग आहे. संगणक जोडून देणारा दुकानदार 'फुकट' विंडोज टाकून देतो आणि कंपनीला पत्ता लागू नये म्हणून अपडेट बंद करून ठेवतो. अशा संगणकाचा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपला नाही, तो पहिल्या दिवसापासूनच नव्हता. फुकटात मिळालेली ही चोरीची वस्तू किती महाग पडते, हे फायली गेल्यावर कळते.

आता कंपनीचा सल्ला पाहा. विंडोज ११ घ्या, म्हणजे प्रश्न मिटला! पण ती कोणत्या संगणकावर चालते? तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. म्हणजे ढोबळमानाने २०१८ पूर्वी घेतलेला संगणक बाद. त्याची मेमरी शाबूत आहे, पडदा चांगला आहे, कळफलक धडधाकट आहे, तरी तो बाद. कॅनालिस या बाजार अभ्यास संस्थेने २०२३ साली अंदाज वर्तवला होता की, या एका निर्णयामुळे जगातील सुमारे २४ कोटी संगणक मोडीत निघू शकतात. वस्तू चालते आहे, पण तिचा वापर कधी थांबवायचा हे वापरणारा ठरवत नाही, विकणारा ठरवतो.

आपण 'विंडोज विकत घेतली' असे म्हणतो ते खरे नाही. आपण वापरण्याचा परवाना घेतो, मालकी कंपनीकडेच राहते. येथे आम्हाला महार वतनाची आठवण होते. नावाला ते वतन होते. जमिनीचा तुकडा मिळे आणि त्याबदल्यात रात्रंदिवस सरकारची आणि गावाची चाकरी. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले ते याच बेडीविरुद्ध. संगणकाच्या परवान्याची त्या गुलामीशी बरोबरी करणे हा त्या पिढ्यांच्या यातनांचा अपमान होईल आणि आम्ही ती करीत नाही. परंतु त्या लढ्याने शिकवलेला प्रश्न येथे विचारावाच लागतो : जी वस्तू आपल्या हातात आहे, तिच्यावर हुकूम कोणाचा चालतो? १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. पहिल्या शत्रूवर आम्ही रोज लिहितो, बोलतो. दुसरा शत्रू संगणकाच्या पडद्यावर 'अपग्रेड करा' अशी गोड सूचना घेऊन येतो तेव्हा मात्र आम्ही त्याला ओळखत नाही.

आणि हे मोडीत निघालेले संगणक जातात कोठे? ते भंगारवाल्याकडे जातात. तेथे तांब्यासाठी तारा जाळल्या जातात, सोन्याच्या कणासाठी सर्किट तेजाबात बुडवले जातात आणि शिसे, पारा यांसारखी विषे उघड्या हातांना लागतात. ई-कचऱ्याचे नियम आहेत. केंद्र सरकारचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. तरीही या कामाचा मोठा हिस्सा आजही असंघटित कामगारांच्याच हातात आहे. हे कामगार कोण? कचरा आणि भंगार हे क्षेत्र या देशात कोणाच्या वाट्याला आले, हे जातिव्यवस्थेने केव्हाच ठरवून टाकले आहे. पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या नावाने संघटित झालेल्या कचरावेचकांत बहुसंख्य दलित महिला आहेत. म्हणजे नवा संगणक घेण्याची ऐपत आमच्याकडे नाही आणि दुसऱ्याच्या जुन्या संगणकाचे विष मात्र आमच्या आयाबहिणींच्या छातीत! चालता संगणक फेकू नका, असे आम्ही म्हणतो ते केवळ काटकसर म्हणून नव्हे, त्यामागे हा हिशेबही आहे.

मग करायचे काय? केवळ निषेध करून भोक बुजत नाही. प्रत्येक संस्थेने आधी आपल्याकडचे संगणक मोजावेत आणि कोणत्यावर कोणती विंडोज आहे, याची एक साधी यादी करावी. ज्या संगणकावर अधिकृत विंडोज १० आहे आणि जो विंडोज ११ ला पात्र आहे, त्याला ती फुकट मिळते. 'पीसी हेल्थ चेक' हा कंपनीचाच प्रोग्राम पात्रता तपासून देतो. जो पात्र नाही, त्याच्यासाठी कंपनीने वाढीव सुरक्षा दुरुस्त्यांची योजना ठेवली. घरगुती वापरकर्त्यांना तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ठरवण्यात आली. मायक्रोसॉफ्टचे खाते जोडून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवणाऱ्यास ती विनामूल्य, नाहीतर ३० डॉलर. संस्थांसाठीचा दर मात्र पहिल्या वर्षी प्रत्येक संगणकाला ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी दुप्पट, तिसऱ्या वर्षी त्याच्याही दुप्पट. दहा संगणकांच्या अभ्यासिकेने हा हिशेब स्वतः मांडून पाहावा. वर्गणी काढून भरलेला हा पैसा काही काळाची सवलत विकत घेतो, मालकी नव्हे. काही दुकानदार अपात्र संगणकावर आडमार्गाने विंडोज ११ बसवून देतात. पुढच्या दुरुस्त्या तेथे मिळतीलच, याची हमी कंपनी देत नाही.

आमच्या मते संस्थांसाठी खरा मार्ग वेगळा आहे. तो म्हणजे लिनक्स. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरचा 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला आणि १९९१ साली लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्स जगापुढे ठेवले. या सॉफ्टवेअरचा आतला मजकूर कोणालाही वाचता येतो, बदलता येतो, दुसऱ्याला देता येतो. कोणतीही एक कंपनी उद्यापासून पाणी बंद असे सांगू शकत नाही. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर पाणवठा सर्वांचा, हे तत्त्व ज्यांनी आपल्या ओंजळीने सिद्ध केले, त्यांच्या वारसांना ज्ञानाचा पाणवठा सर्वांचा, हे तत्त्व समजायला वेळ लागू नये.

व्यवहाराचेही बोलू. लिनक्स मिंट ही प्रणाली दोन जीबी मेमरीवर चालते, चार जीबी असेल तर बरी चालते. ती पेनड्राइव्हवर घेऊन, संगणकातली विंडोज न पुसता आधी चालवून बघता येते. फायरफॉक्स ब्राउझरमध्ये शिष्यवृत्तीचे, प्रवेशाचे, परीक्षेचे अर्ज भरता येतात. लिब्रेऑफिसमध्ये वर्डच्या फायली उघडतात, पत्रे लिहिता येतात, जमाखर्च ठेवता येतो. मराठीसाठी इन्स्क्रिप्ट कळफलक त्यातच असतो. अडचणी लपवण्यात अर्थ नाही. टॅली, पेजमेकर आणि जुन्या मराठी फॉन्टची सॉफ्टवेअर्स त्यावर सहजी चालत नाहीत. ज्याला ती लागतातच, त्याने एक जुना विंडोज संगणक इंटरनेटची तार काढून केवळ त्या कामासाठी ठेवावा. त्याला बाहेरचा पेनड्राइव्ह लावताना तपासून लावावा. आणि काहीही बदलण्यापूर्वी सगळ्या फायलींची प्रत दोन वेगळ्या ठिकाणी काढून ठेवावी. बँकेचे व्यवहार आणि विद्यार्थ्यांचे अर्ज मात्र सपोर्ट संपलेल्या संगणकावर एक दिवसही करू नयेत.

जुन्या फॉन्टचा विषय निघाला म्हणून एका मोठ्या धोक्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. आमच्या चळवळीची छोटी साप्ताहिके, मासिके, प्रकाशने वर्षानुवर्षे पेजमेकर आणि श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरवर जुळवली गेली. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ सालची. जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर संगणकाच्या दृष्टीने मराठी नसतोच. आत इंग्रजी चिन्हे असतात आणि वरून मराठी अक्षरांचा मुखवटा. फॉन्ट गेला की मुखवटा गळून पडतो आणि लेखाच्या जागी अर्थहीन चिन्हांची रांगोळी उरते. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून तो मजकूर कोणत्याही संगणकावर, कोणत्याही मोबाईलवर मराठीच राहतो. नामांतराच्या लढ्याच्या आठवणींचे विशेषांक, १९९७ च्या रमाबाई नगर गोळीबारावरचे लेख, २००६ च्या खैरलांजीनंतर निघालेली पत्रके आणि निवेदने यांतले किती साहित्य आज एखाद्या कार्यकर्त्याच्या माळ्यावरील जुन्या संगणकात पडून असेल! त्या संगणकाची हार्डडिस्क ज्या दिवशी बसेल, त्या दिवशी तेवढा इतिहास कायमचा पुसला जाईल. दुसऱ्या कोणाकडे त्याची प्रत नाही, कारण तो इतिहास आमच्याशिवाय दुसऱ्या कोणी लिहिलाच नव्हता.

बाबासाहेबांच्या परिनिर्वाणानंतर त्यांची हस्तलिखिते कित्येक वर्षे पेट्यांत बंद होती. महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या त्यांच्या लेखन आणि भाषणांचा पहिला खंड १९७९ साली निघाला, तेव्हा वसंत मून यांच्यासारख्यांच्या कष्टांमुळे तो ठेवा लोकांपर्यंत पोचला. कागद पेटीत वीस वर्षे टिकला. हार्डडिस्क तेवढी वाट पाहील, या भरवशावर कोणी राहू नये. २०१६ साली दादरचे आंबेडकर भवन आणि तेथील बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेस पाडण्यात आली तेव्हा समाज रस्त्यावर उतरला. ते योग्यच होते. बुलडोझर आला की आवाज होतो, लोक जमतात. जुना संगणक मरतो तेव्हा आवाज होत नाही. म्हणून प्रत्येक नियतकालिकाने आणि प्रत्येक संघटनेने जुना मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे काम यंदाच हाती घ्यावे. फॉन्ट बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत. त्यातून सुटलेल्या चुका तपासायला आमचे निवृत्त शिक्षक आहेत, बसून वाचणारे विद्यार्थी आहेत. ज्याला कन्व्हर्टर जमत नाही, त्याने निदान छापील अंक स्कॅन करून ठेवावेत.

सरकारकडेही मागणी झाली पाहिजे. केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. सी-डॅकने 'बॉस' नावाची भारतीय भाषांतील लिनक्स प्रणाली त्याआधीच, २००७ साली आणली होती. केरळने आपल्या सरकारी शाळांतील संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर नेऊन दाखवले आणि तेथील 'काइट' ही सरकारी संस्था शाळांसाठी स्वतःची लिनक्स प्रणाली तयार करते. सी-डॅकचे मुख्यालय पुण्यात आणि धडा मात्र केरळने घ्यायचा, ही महाराष्ट्राला भूषणावह गोष्ट नाही. समाजकल्याण खात्याची वसतिगृहे, निवासी शाळा आणि जिल्हा परिषदेच्या शाळा येथील जे संगणक विंडोज ११ ला अपात्र आहेत, ते भंगारात काढण्यापूर्वी त्यांच्यावर मुक्त सॉफ्टवेअर बसवण्याचा आदेश शासनाने काढावा. तेथील शिक्षकांना व अधीक्षकांना त्याचे प्रशिक्षण द्यावे. विद्यार्थ्यांसाठीची सर्व संकेतस्थळे जुन्या संगणकावर आणि साध्या मोबाईलवर नीट चालतील, अशी ठेवावीत. या मागण्यांना अब्जावधींचा निधी लागत नाही, इच्छाशक्ती लागते. आमच्या विद्यार्थी संघटनांनी शिष्यवृत्तीच्या निवेदनात या मागण्यांचा एक परिच्छेद आवर्जून घालावा.

शेवटी एक आवाहन समाजातील त्या तरुणांना, जे पुण्या-मुंबईत, हैदराबाद-बंगळुरात आणि परदेशांत संगणक क्षेत्रात नोकऱ्या करतात. आरक्षणाने, शिष्यवृत्तीने, आईबापांच्या मजुरीने तुम्ही तेथवर पोचलात. १४ एप्रिलला वर्गणी देता, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लावता, त्याचा आम्हाला अभिमान आहे. परंतु वर्षातले दोन रविवार आपल्या गावच्या विहारातल्या, आपण शिकलो त्या वसतिगृहातल्या संगणकांना द्या. फायलींची प्रत काढा, लिनक्स बसवा आणि तेथल्याच दोन मुलींना व दोन मुलांना ते काम शिकवून या, म्हणजे पुढच्या वेळी तुमची वाट पाहावी लागणार नाही. ज्या दिवशी वस्तीतली दहावीची मुलगी स्वतः संगणक उघडून, स्वतः प्रणाली बसवून, स्वतःच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरेल, त्या दिवशी संगणकाची मुदत कोणी ठरवायची, हे कोणत्याही कंपनीच्या हाती राहणार नाही.

जय भीम!